फायलीत एक रकाना वाढवा : डायलिसिस केंद्रांना खुलं पत्र

प्रति,
मा. जिल्हा शल्यचिकित्सक, मा. जिल्हा आरोग्य अधिकारी
आणि विदर्भातल्या डायलिसिस केंद्रांमधले डॉक्टर, सिस्टर, टेक्निशियन

सादर नमस्कार.

मी अंगणवाडी सेविका. २२ वर्षांपासून रकाने भरते. मुलाचं वजन, उंची, दंडाचा घेर, गरोदर बाईच्या लोहाच्या गोळ्या. आधी रजिस्टरात भरायचे, आता मोबाइलवर पोषण ट्रॅकरमध्ये भरते. ज्या गोष्टीला रकाना नाही ती गोष्ट सरकारदरबारी घडतच नाही, एवढं मला या नोकरीनं शिकवलं आहे. हे पत्र अशाच एका नसलेल्या रकान्याबद्दल आहे.

माझे यजमान ५४ वर्षांचे. तीन वर्षांपासून आठवड्यातून दोनदा डायलिसिसवर. आमचं गाव पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीतलं पाणी खारं असलेल्या भागात येतं. अकोला, अमरावती, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत हा पट्टा पसरला आहे. इथं कुणाची किडनी गेली की बोट आधी विहिरीकडे जातं. पाण्याचं काय ते शास्त्रज्ञ पाहतील. आमच्या घरचं कारण मला माहीत आहे : १५ वर्षांची साखर, कधी घेतली कधी सोडली अशी बीपीची गोळी आणि फवारणीचा पंप पाठीवर घेऊन आल्यावर मेडिकलातून आणून खाल्लेल्या दुखण्याच्या गोळ्या. त्याबद्दल आज माझं कोणाशी भांडण नाही.

मला सांगायचं आहे ते कापसाचं.

आमच्याकडे १२-१३ बाया वेचणीला येतात. मजुरी किलोवर. रोज संध्याकाळी वावरात काट्यावर प्रत्येकीचं गाठोडं चढायचं आणि आकडा यांच्या डोक्यात बसायचा. वही नाही, पाटी नाही. बाजाराच्या आदल्या रात्री हे ओसरीवर बसत आणि एकेकीला नाव घेऊन सांगत, सोमवारी तुझे ३१ किलो, मंगळवारी २८, बुधवारी पोरीला ताप होता म्हणून अर्धा दिवस १४. बायाही आपापल्या बोटांवर मोजून येत. भांडण कधी झालं नाही.

परवाच्या साली, दिवाळी होऊन पहिली वेचणी निघाली तेव्हा, भाव आठ रुपये किलो ठरला होता. पहिल्या हप्त्यात हे जरा अडखळले. दुसऱ्या हप्त्यात प्रत्येकीशी पाच-पाच मिनिटं लागायला लागली. तिसऱ्या हप्त्यात एकीचा चुकारा झाला, ती उठली, दुसरी बसली, आणि यांनी दुसरीला सांगितलं, ‘तुझं झालं ना आत्ता.’ ती बिचारी गप्प बसली. दुसऱ्या दिवशी आमची सगळ्यांत जुनी वेचणारी अंगणवाडीत आली, पदराची गाठ सोडली आणि नोटा टेबलावर ठेवल्या.

‘मॅडम, भाऊनं मले दोनदा पैसे देल्ले. भाऊचं ध्यान कुठी रायते आजकाल?’

मी पैसे घेतले आणि म्हटलं, थकतात हो ते डायलिसिसनं. मलाही तसंच वाटत होतं. जे तिला दिसलं ते मला घरात राहून दिसलं नव्हतं, आणि आठवड्यातले आठ तास हे ज्यांच्या नजरेसमोर झोपलेले असतात, त्या तुम्हालाही दिसलं नव्हतं.

आता फायलीकडे येते. प्रत्येक वेळचा कागद मी जपून ठेवला आहे. आधीचं वजन, नंतरचं वजन, ड्राय वेट म्हणजे जादा पाणी काढल्यावरचं वजन, पाणी किती काढलं, सुरुवातीचा बीपी, मधला बीपी, सुया लावायची हातावरची शीर म्हणजे फिस्टुला कसा आहे, रक्त गोठू नये म्हणून हेपरिन किती दिलं. महिन्याला हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, पोटॅशियम. शेवटी शेऱ्याची एक ओळ. मागच्या मे महिन्यात त्या ओळीत लागोपाठ तीनदा एकच शेरा आहे : ‘पाणी कमी पिण्यास वारंवार सांगूनही पेशंट ऐकत नाही.’

त्या महिन्यात आमच्याकडे काय चाललं होतं ते ऐका. बाहेर ४५ अंश. यांना दिवसाला एक लिटर पाणी. मी सकाळी लिटरची बाटली भरून खाटेशी ठेवून अंगणवाडीत जायची. दुपारी परत आले की बाटली अर्धी भरलेली असे आणि मला समाधान वाटे. एक दिवस डोकं दुखत होतं म्हणून लवकर आले. हे रांजणापाशी उभे. गडव्यानं पाणी प्याले, गडवा पालथा घातला, खाटेवर येऊन बसले. पाच मिनिटांनी उठले, रांजणाशी गेले, परत प्याले. मी म्हटलं, अहो, आत्ताच तर प्यालात. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच खोटं बोलते आहे. चोरून पिणारा माणूस असा पाहत नाही. त्यांच्या हिशेबी ते आज पहिल्यांदाच पाणी पीत होते.

दुसऱ्या दिवशी केंद्रावर पाहिलं तर अंगात पाणी साचून वजन तीन किलो चढलेलं. टेक्निशियनदादा सगळ्यांसमोर म्हणाले, ‘काका, मरायचं आहे का?’ यांनी मान खाली घातली. कारण सांगायला त्यांच्यापाशी काही नव्हतंच.

‘ऐकत नाही’ हा शेरा लिहिणाऱ्याचा मला राग नाही. आठ खाटा आणि दोन माणसं असली की तेवढंच लिहून होतं. पण तो शेरा चुकीचा होता. माणूस ऐकत होता, ऐकलेलं त्याच्या हातात टिकत नव्हतं.

माझी मुलगी नर्सिंग शिकते. तिनं सुट्टीत येऊन मला बरंच वाचून दाखवलं. किडनीच्या जुन्या आजारात मेंदूचं काम मंदावणं ही काही आमच्या घरची नवलाई नाही, जगभर माहीत असलेली गोष्ट आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटात ५५ वर्षांपुढच्या, डायलिसिसवरच्या तीनशेहून जास्त लोकांची नीट बसवून तपासणी केली होती. २००६ साली ती छापून आली. शंभरातल्या जेमतेम १३ जणांची बुद्धी वयाप्रमाणे ठीक निघाली. ३७ जणांची तर फारच उतरलेली होती. आणि त्यांच्या दवाखान्याच्या कागदांवर याची नोंद किती जणांची? शंभरात तिघांचीही नाही. म्हणजे रकाना अमेरिकेतही नव्हता. हे वाचून मला जरा बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू.

असं का होतं, हे शेततळ्यावरून ठिबक टाकणाऱ्याला लवकर कळेल. एका मोटरीवर, एकाच मुख्य पाइपवर दोन प्लॉट. हृदयातून निघणाऱ्या रक्तातला जवळपास पाचवा हिस्सा किडन्यांकडे जातो आणि सातव्या हिश्श्याच्या आसपास मेंदूकडे. दोन्हीकडच्या नळ्या बारीक, आणि दोन्ही मोटरीचा दाब थेट अंगावर घेणाऱ्या. बीपीनं आणि साखरेनं एका प्लॉटच्या नळ्या खराब केल्या तर दुसरा कसा वाचेल? त्यात रक्तात साचणारी घाण, त्यात किडनी गेल्यामुळे उतरलेलं हिमोग्लोबिन. आणि मशीनवर पाणी भराभर ओढलं जाऊन बीपी पडतो तेव्हा मेंदूचा रक्तपुरवठाही कमी होतो. बीपी पडल्याची नोंद तुम्ही करताच. त्या वेळी डोक्याचं काय झालं असेल, याचा विचार कुणी केलेला मला दिसला नाही.

लोकांना वाटतं, डोकं जाणं म्हणजे विसरणं. इथेच फसगत होते. किडनीच्या पेशंटचं बहुतेकदा आधी जातं ते लक्ष, कामाचा वेग, एकामागून एक करायच्या गोष्टींची जुळणी. आठवण पुष्कळ दिवस शाबूत राहते. यांना आजही आमच्या लग्नात वाजंत्री कुठल्या गावची होती ते सांगता येतं. पण सकाळच्या पाच गोळ्यांपैकी कोणती जेवणाआधी आणि कोणती जेवताना, हे जुळत नाही.

आमच्या आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा एक फॉर्म भरतात, सीबॅक म्हणतात त्याला. बरेचसे फॉर्म माझ्या अंगणवाडीतच बसून भरले जातात. त्यात एक प्रश्न आहे : जवळच्या माणसांची नावं किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का? तो विचारायचा फक्त साठीपुढच्यांना. हे चोपन्नाचे, म्हणजे प्रश्न यांच्यापर्यंत येतच नाही. आणि आला असता तरी उत्तर ‘नाही’च गेलं असतं. पत्ता यांना पिनकोडसकट पाठ आहे. पत्ता विसरेपर्यंत वाट पाहायची असेल तर मग तपासणीला अर्थ काय राहिला?

तुमच्यापैकी कुणीतरी म्हणेल, बाई, कळून तरी काय करणार, यावर औषध कुठं आहे? हे मला एका डॉक्टरांनी तोंडावर म्हटलं आहे. त्याचं उत्तर म्हणून गेल्या पावसाळ्यातली गोष्ट सांगते.

यांची कंबर धरली होती. तालुक्याच्या ठिकाणी एका खाजगी दवाखान्यात गेलो. डायलिसिसचं सांगितलं होतं की नाही, मला आठवत नाही, आणि त्यांनी विचारलं नाही. दोन इंजेक्शनं आणि पाच दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. दुसऱ्या दिवशी हे दुपारपर्यंत उठेनात. उठले ते बडबडत. भिंतीवर माणसं बसली आहेत म्हणाले, त्यांना चहा दे म्हणाले. रात्री मला ओळखेनात. आमच्या चुलत सासऱ्यांनी पलीकडच्या गावच्या जाणत्याला निरोप धाडला, बाहेरचं लागलं म्हणून. मला त्यांचा राग येत नाही. ज्यानं त्यानं आपल्याला माहीत असलेलं दार ठोठावलं.

मी मुलीला फोन केला. ती म्हणाली, आई, गोळीच्या पाकिटाचा फोटो पाठव. पाकीट बॅक्लोफेनचं होतं. आखडलेले स्नायू सैल करायची गोळी. चांगल्या किडनीच्या माणसाच्या अंगातून ती लघवीवाटे निघून जाते, यांच्या अंगात ती साचत गेली. रात्रीच गाडी करून केंद्रावर नेलं. त्या रात्री जे ड्युटीवर होते त्यांचे माझ्यावर उपकार आहेत, त्यांनी एकही प्रश्न न विचारता मशीन लावलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावलं. तिसऱ्या दिवशी सकाळी हे शुद्धीवर आले आणि चहा मागितला. भिंतीवरच्या माणसांसाठी नाही, स्वतःसाठी, अर्धा कप.

म्हणून कळून फायदा आहे. सगळं परत येत नाही, मान्य. पण नसांच्या दुखण्याची गोळी, प्रीगाबालिन, गाबापेंटिन, हीसुद्धा मात्रा कमी न करता दिली तर अशीच साचते. साखरेच्या पेशंटची किडनी गेली की इन्सुलिन अंगात जास्त वेळ रेंगाळतं, रात्री साखर उतरते आणि माणूस पहाटे वेड्यासारखं बोलतो. हिमोग्लोबिन सातवर आलं की कुणाचंही डोकं चालणार नाही. मनानं खचलेला माणूसही मठ्ठ वाटतो. यातलं एकेक तपासून बाजूला काढता येतं, पण त्यासाठी आधी विचारावं लागतं.

यावरून तुमच्याच क्षेत्रातली एक जुनी गोष्ट आठवण करून द्यायची आहे. १९७०च्या दशकात अमेरिकेत डेन्व्हरच्या डॉक्टरांना दिसलं की वर्षानुवर्षं डायलिसिसवर असलेली काही माणसं बोलताना अडखळतात, हातपाय झटकतात, मग भ्रमिष्ट होतात. कुणीतरी ते लिहून ठेवलं, म्हणून शोध लागला. मशीनच्या पाण्यातलं आणि पेशंटना देत असलेल्या औषधातलं ॲल्युमिनियम मेंदूत साठत होतं. आज तुमच्या केंद्राच्या मागं आरओचा प्लांट घुरघुरतो त्याच्यामागं हीही हकीकत आहे. आमच्या भागातलं पाणी पाहता त्या प्लांटला मी रोज मनातल्या मनात हात जोडते. पण ‘पेशंट नीट बोलत नाही’ असा शेरा मारून तेव्हा फाइल मिटली असती तर?

आता मागणं. पैसे लागणारं काही मागत नाही.

महिन्याच्या रक्ततपासणीच्या कागदावर एक रकाना आखा : डोकं कसं चालतं. आणि तो पेशंटला विचारून भरू नका, सोबत आलेल्या माणसाला विचारून भरा. पेशंट ‘ठीक आहे’ म्हणतो. आमचे हे यमदूतालाही ठीक आहे म्हणतील. सोबतच्याला विचारा, या महिन्यात पैशाचा हिशेब चुकला का, गोळ्या दोनदा घेतल्या किंवा राहून गेल्या का, नेहमीचं काम करताना मध्येच थांबतात का, बाहेरच्या कुठल्या दवाखान्यातून नवी गोळी आणली का. एवढ्याला पाच मिनिटं लागतात. उत्तर ‘हो’ आलं तर साखर, हिमोग्लोबिन, सोडियम, गोळ्यांची यादी, मशीनवर बीपी कितीदा पडला, हे एकदा ओळीनं पाहा, आणि लागलंच तर अकोला, यवतमाळ, नागपूर किंवा सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजला चिठ्ठी द्या. केंद्राच्या दारावर ‘नातेवाईकांनी बाहेर थांबावे’ अशी पाटी आहे. ती राहू द्या, जंतुसंसर्गाचं मला कळतं. पण आम्ही बाहेर लिंबाच्या झाडाखाली चार तास बसलेलो असतो, तिथं येऊन विचारलं तरी चालेल.

दुसरं, औषधं आणि पथ्य समजावून सांगता ते मशीन सुरू व्हायच्या आधी सांगा. आत्ता डॉक्टरांचा राऊंड तिसऱ्या तासाला येतो. मुलगी सांगते की डायलिसिस चालू असताना डोकं सर्वांत मंद असतं, आणि सुरू व्हायच्या आधी किंवा दुसऱ्या दिवशी सर्वांत चांगलं, हे मोजून पाहिलेलं आहे. म्हणजे ज्या घटकेला माणसाच्या डोक्यात काही शिरत नाही नेमक्या त्याच घटकेला आपण त्याला पोटॅशियमचे पदार्थ सांगतो आणि वर सही घेतो. संमतीच्या कागदावरची सहीसुद्धा त्याच वेळी झालेली मी पाहिली आहे.

कागद-पेन्सिलीची परीक्षा घ्यायचीच असेल तर जपून. घड्याळाचं चित्र काढा, अमुक अक्षरानं सुरू होणारे शब्द सांगा, हे ज्या बाईनं जन्मात पेन्सिल धरली नाही तिला जमणार नाही, आणि ती बुद्धीनं तुमच्या-माझ्यापेक्षा तल्लख असेल. हरियाणात बल्लभगडच्या खेड्यांमधल्या निरक्षर म्हाताऱ्यांसाठी अशा परीक्षेचे प्रश्न मुद्दाम बदलून बांधले होते, १९९५ साली ते प्रसिद्ध झाले. तसं वऱ्हाडीत कुणी करेल का? माझ्याकडून एक प्रश्न फुकट घ्या : ३१ किलो सोमवारी, २८ मंगळवारी, भाव आठ, चुकारा किती?

शेतीचं थोडक्यात सांगते. फवारणीचा पंप मी काढून शेजाऱ्यांच्या घरी ठेवला आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीनं माणसं गेली ती आम्ही विसरलो नाही, आणि ती तर औषधाचं माप समजणारी माणसं होती. बँकेचा फोन आता माझ्याकडे असतो. सातबाऱ्याच्या कागदावर कुणी सही मागायला आलं तर आधी अंगणवाडीत यावं लागतं. गावात थोडं हसं झालं, बाईच्या हाती कारभार गेला म्हणून. होऊ दे.

तुमचं काम मला दिसत नाही असं समजू नका. २०१६ साली राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आला, मशीन जिल्ह्यापर्यंत पोहोचल्या. त्याआधी आमच्या गावातले दोघं नागपूरच्या फेऱ्यांतच संपले होते. २०२३ पासून एसटीत बायकांचं तिकीट अर्धं झालं, म्हणून मी दरवेळी यांच्यासोबत येऊ शकते. माझे हे तीन वर्षं तुमच्यामुळे जगले आहेत.

जुन्या रजिस्टराच्या मागच्या कोऱ्या पानांवर मीच रकाने आखले आहेत. तारीख, वजन, पाणी, बीपी पडला का, आणि शेवटचा : आज हिशेब जमला का. नऊ महिन्यांची नोंद आहे. ज्या दिवशी मशीनवर बीपी फार पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी शेवटच्या रकान्यात पुष्कळदा फुली आहे. माझी वही म्हणजे काही शास्त्र नाही, पण पाहण्यासारखी आहे. येत्या सोमवारी यांच्या डायलिसिसच्या वेळी घेऊन येते. काउंटरवर ठेवू की सिस्टरांच्या हातात देऊ, तेवढं सांगा.

आपली,
खारपाणपट्ट्यातली एक अंगणवाडी सेविका

ता. क. हे पत्र पाठवण्याआधी यांना वाचून दाखवलं, त्यांना विचारल्याशिवाय त्यांच्याबद्दल लिहिणं बरं दिसत नव्हतं. पाण्याची गोष्ट ऐकताना गप्प होते. कापसाचं आलं तसं म्हणाले, ‘आठ कुठी? नऊचा भाव होता त्या साली.’ मी माझी घरखर्चाची वही काढून पाहिली. नऊच होता. वर खोडलेलं नाही, तसंच ठेवलं आहे.